माशाच्या रक्तात गेलेलं औषध नेमकं कुठं असतं?

मार्च 2025 मध्ये केंद्र सरकारनं एक अधिसूचना काढली. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली अँटिबायोटिक्स अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या कुठल्याही प्राण्याला द्यायची नाहीत. त्यासाठीचं उत्पादन, आयात, विक्री, सगळ्यावर बंदी. त्याआधी जुलै 2019 मध्ये कोलिस्टिन या अँटिबायोटिकवर अशीच बंदी आली होती. आपल्याकडं ही बातमी 'कोळंबी परदेशी पाठवणाऱ्यांचा प्रश्न' म्हणून वाचली गेली आणि पान उलटलं गेलं.

सोलापूरला समुद्र नाही हे खरं. पण शेततळी आहेत. डाळिंबाच्या आणि द्राक्षांच्या पाण्यासाठी खोदून प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यांत कटला, रोहू, सायप्रिनस, पंगसची बोटुकली सोडणारे शेतकरी आता पुष्कळ आहेत. माशाच्या अंगावर लाल चट्टे दिसले, दोनचार मासे उलटे तरंगायला लागले, की पहिली धाव दुकानाकडं: 'टेट्रासायक्लिनची पावडर द्या.' दुकानदार पुडी देतो, सोबत सल्लाही देतो. किती दिवसांनी मासा काढायचा असं विचारलं तर कोंबडीचा हिशेब सांगितला जातो, नाहीतर गाईच्या दुधाचा.

हा उसना हिशेब माशाला लागू होत नाही. त्याची कारणं बरीच आहेत, पण सगळ्यात कमी बोललं जाणारं कारण रक्तात आहे. औषध रक्तातल्या प्रथिनांना चिकटतं, आणि माशाची, कोळंबीची, कोंबडीची, माणसाची प्रथिनं एकसारखी नसतात.

रक्तात पोचलं म्हणजे कामाला लागलं का?

नाही. खाद्यातून दिलेलं औषध आतड्यातून रक्तात आलं की त्याचे दोन हिस्से होतात. एक हिस्सा रक्ताच्या पाण्यात मोकळा फिरतो. दुसरा रक्तातल्या मोठ्या प्रथिनांना चिकटून बसतो. या चिकटण्याला प्रथिन-बंधन म्हणतात. पुढं आपण नुसतं 'मोकळं' आणि 'बांधलेलं' औषध म्हणू.

आषाढीला पंढरपुरात जादा एसटी गाड्या येतात आणि गावाबाहेरच्या तात्पुरत्या स्टँडवर थांबतात. गाडीत बसलेला वारकरी पंढरपुरात आला असं आपण म्हणतो, पण महाद्वाराच्या बोळात एसटी जात नाही. तिथं जायचं तर खाली उतरून पायीच. रक्तातली प्रथिनं म्हणजे या गाड्या आणि औषधाचे रेणू म्हणजे प्रवासी. केशवाहिन्यांच्या भिंतीतल्या फटींतून गाडी सहसा बाहेर पडत नाही, प्रवासी पडतो. जंतूपर्यंत पोचतं ते मोकळं औषध. यकृतात ज्याची मोडतोड होते, मूत्रपिंडातून जे गाळलं जातं, तेही बहुतांशी मोकळंच.

उपमा एका ठिकाणी तोकडी पडते. इथले प्रवासी तासन्‌तास गाडीत बसून राहत नाहीत. चढणं-उतरणं सतत आणि फार वेगानं चालू असतं. मोकळं औषध ऊतींत गेलं की रक्तातला तोल ढळतो आणि बांधलेल्यातलं थोडं लगेच सुटतं. म्हणून बांधलेलं औषध वाया गेलेलं नसतं. तो साठा असतो.

हा साठा किती मोठा, ते औषधागणिक बदलतं. टेट्रासायक्लिन घराण्यातलं ऑक्सिटेट्रासायक्लिन माणसात साधारण 20 ते 40 टक्के बांधलेलं असतं. त्याच्याच घराण्यातलं डॉक्सिसायक्लिन 80 टक्क्यांच्या वर. दवाखान्यात दिवसातून एकदा टोचलं जाणारं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन 85 ते 95 टक्के बांधलेलं असतं. एका इंजेक्शनवर दिवस निघतो त्यामागं हेही एक कारण आहे, कारण साठा हळूहळू सुटत राहतो.

माणसाचं अल्ब्युमिन, माशाचं काय?

माणसाच्या रक्तात औषध धरून ठेवणारं मुख्य प्रथिन म्हणजे अल्ब्युमिन. निरोगी माणसाच्या 100 मिलिलिटर रक्तद्रवात ते साडेतीन ते पाच ग्रॅम असतं. चरबीची आम्लं, पित्तातली रंगद्रव्यं, नाना औषधं, काहीही धरायला त्याच्याकडं जागा असते.

माशांत हे चित्र जातीगणिक बदलतं. सामनसारख्या थंड पाण्यातल्या माशांत अल्ब्युमिन आहे. आपल्या ओळखीच्या सायप्रिनसमध्ये, म्हणजे कॉमन कार्पमध्ये, सस्तन प्राण्यांसारखं अल्ब्युमिन सापडत नाही. त्याच्या रक्तद्रवात मोठा वाटा चरबी वाहून नेणाऱ्या प्रथिनांचा असतो. रक्ताच्या रिपोर्टमध्ये आपण ज्याला एचडीएल म्हणतो, त्या जातीची ही प्रथिनं. म्हणजे 'हे औषध अल्ब्युमिनला इतके टक्के चिकटतं' हा माणसावर काढलेला आकडा सायप्रिनसला लावायचा, तर आधी विचारावं लागेल की चिकटणार कशाला.

त्यात मासा थंड रक्ताचा. माणसाचं शरीर बाराही महिने 37 अंशांच्या आसपास असतं. शेततळ्यातला मासा जानेवारीच्या पहाटे गार पाण्यात असतो आणि मे महिन्यात कोमट. तापमान बदललं की औषध प्रथिनाला किती घट्ट धरतं हेही बदलतं. शिवाय जखमांमधून प्रथिनं गळत असलेल्या, चार दिवस न खाल्लेल्या आजारी माशाच्या रक्तातली प्रथिनं कमी झालेली असतात. निरोगी माशावर काढलेला आकडाही मग तंतोतंत लागू पडत नाही.

कोळंबीचं रक्त निळं असतं

कोळंबी, चिंबोरी, शेवंड (लॉबस्टर) ही मंडळी माशांपासून फार दूरची. त्यांची रक्तवाहिन्यांची व्यवस्था उघडी असते. हृदयातून निघालेला द्रव काही अंतर नळ्यांतून जातो आणि मग थेट अवयवांभोवतीच्या पोकळ्यांत सांडतो. सगळे अवयव त्या द्रवात न्हात असतात. म्हणून त्याला रक्त न म्हणता हिमोलिम्फ म्हणतात.

या द्रवात अल्ब्युमिन नाही. तांबड्या पेशीही नाहीत. प्राणवायू वाहून नेतं ते हिमोसायनिन. त्यात लोहाच्या जागी तांबं असतं, म्हणून प्राणवायू मिळाला की ते निळसर दिसतं. ते पेशींत कोंडलेलं नसून द्रवातच विरघळलेलं असतं, आणि द्रवातल्या एकूण प्रथिनांपैकी बहुतेक वाटा त्याचाच असतो. रेणूचा आकारही अवाढव्य: अल्ब्युमिनच्या साधारण सातपट वजनाचा, सहा तुकडे जोडून झालेला.

दुसरी भानगड कात टाकण्याची. वाढण्यासाठी कोळंबीला कवच टाकावं लागतं. कवच टाकण्याआधी हिमोलिम्फमधली प्रथिनं वाढलेली असतात. टाकल्यावर ती पाणी शोषून फुगते आणि द्रव पातळ होतो. एकाच तळ्यातल्या, एकाच वजनाच्या, एकाच दिवशी औषध खाल्लेल्या दोन कोळंब्या, पण एक कात टाकून बसलेली आणि एक टाकायच्या बेतात, तर दोघींच्या अंगात बांधलेल्या औषधाचा वाटा सारखा निघेलच असं नाही. प्रयोग करणाऱ्यांना म्हणून कोळंबी कुठल्या टप्प्यावर होती, हेही नोंदवावं लागतं.

हे मोजतात तरी कसं?

रीत सोपी आहे, हात मात्र बसलेला हवा. माशाचं रक्त शेपटीच्या मुळाशी, मणक्याच्या खालून जाणाऱ्या शिरेतून सुईनं ओढतात. कोळंबीचा द्रव पोटाकडून, पहिल्या पायांच्या जोड्यांजवळच्या पोकळीतून घेतात. तो काही क्षणांत गोठतो, म्हणून सिरिंजमध्ये आधीच गोठण रोखणारं द्रावण भरलेलं असतं. गंमत अशी की यातली काही द्रावणं कॅल्शिअम पकडून गोठण थांबवतात, आणि टेट्रासायक्लिन घराण्यातली औषधं प्रथिनाला धरताना याच कॅल्शिअम-मॅग्नेशिअमचा आधार घेतात. द्रावण चुकीचं निवडलं तर मोजायला निघालेली गोष्टच बिघडते.

मग एक छोटी डबी घ्यायची. तिच्या मधोमध पातळ पडदा ताणलेला असतो. पडद्याची छिद्रं इतकी बारीक की औषधाचा रेणू आरपार जातो आणि प्रथिन अडतं. एका कप्प्यात औषध मिसळलेला रक्तद्रव, दुसऱ्यात साधं खारट द्रावण. डबी काही तास हलवत ठेवायची, तीही मासा ज्या तापमानाच्या पाण्यात राहतो त्याच तापमानाला. मोकळं औषध दोन्हीकडं सारखं झालं की थांबायचं. समजा द्रावणाच्या बाजूला 6 भाग औषध मिळालं आणि रक्तद्रवाच्या बाजूला 10. तर रक्तद्रवातलेही 6 भाग मोकळे आणि वरचे 4 बांधलेले. प्रथिन-बंधन 40 टक्के.

'मग डोस दुप्पट करू, जागा भरल्या की उरलेलं मोकळंच राहील'

हा युक्तिवाद हुशारीचा आहे, पण आकडेमोडीत टिकत नाही. माणसाच्या रक्ताचंच घेऊ. एक लिटर रक्तद्रवात 5 मिलिग्रॅम ऑक्सिटेट्रासायक्लिन असलं, तर रेणू मोजल्यावर प्रत्येक औषधाच्या रेणूमागं अल्ब्युमिनचे पन्नासच्या वर रेणू निघतात. जागा इतक्या रिकाम्या असताना डोस दुप्पट केला तर बांधलेलं दुप्पट आणि मोकळंही दुप्पट होतं, टक्केवारी तीच राहते. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी काही औषधं मोठ्या प्रमाणात रक्तात आली की हा नियम थोडा मोडतात. प्रथिनं कमी असलेल्या माशात तो कुठं मोडेल, हे त्या जातीवर मोजूनच सांगता येतं.

पण शेततळ्यात डोस दुप्पट करण्यातला खरा धोका रक्ताच्याही आधीचा आहे. कार्पला तोंडावाटे दिलेल्या ऑक्सिटेट्रासायक्लिनपैकी एक टक्काही रक्तात पोचत नाही असं मोजलेलं आहे. बाकीचं विष्ठेतून पाण्यात. त्यात आजारी मासा खाणं सोडतो, म्हणजे औषधाचं खाद्य खातात ते बहुतेक धडधाकट मासे, आणि ज्याला गरज आहे तो तसाच राहतो. उरलेलं खाद्य तळाच्या गाळात. तिथल्या जंतूंना मारायला न पुरणारी, पण सवय लावायला पुरेशी मात्रा रोज मिळत राहते. औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात ते असे.

आणि रोग विषाणूचा असेल, कोळंबीतल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासारखा, तर कुठलंच अँटिबायोटिक उपयोगाचं नाही, मग ते मोकळं असो की बांधलेलं. लाल चट्टे दिसले म्हणून पुडी आणण्याआधी मत्स्य विभागाच्या किंवा कृषी विज्ञान केंद्राच्या माणसाला मासा दाखवणं स्वस्त पडतं.

'आम्ही रक्त थोडंच खातो? मांस खातो'

रास्त शंका. रक्तातलं प्रथिन-बंधन औषध जंतूपर्यंत किती पोचेल आणि शरीरातून किती वेगानं निघेल याचा अंदाज देतं. ताटात काय उरेल हे त्यावरून थेट कळत नाही. कारण रक्ताबाहेरही औषध धरून ठेवणाऱ्या जागा आहेत. ऑक्सिटेट्रासायक्लिन कॅल्शिअमला चिकटतं, म्हणून ते माशाच्या हाडांत, खवल्यांत, कातडीत मांसापेक्षा जास्त काळ रेंगाळतं. युरोपात माशातल्या औषधाचा अंश मोजताना नुसतं मांस न घेता मांस आणि कातडी नैसर्गिक प्रमाणात एकत्र घेतात ते यासाठी. आपल्याकडं चिलापी अख्खी कातडीसकट तळली जाते आणि कालवणातल्या तुकड्यालाही कातडी असतेच. म्हणून हा नियम आपल्याला जास्तच लागू.

मर्यादाही ठरलेल्या आहेत. अन्नसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकात ऑक्सिटेट्रासायक्लिनसाठी एक किलो माशात 200 मायक्रोग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, वाघ्या कोळंबीलाही तेवढीच. युरोपात ती 100 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे किलोमागं एका मिलिग्रॅमचा दहावा भाग.

चिकटणं दोन तऱ्हेचं: सुटणारं आणि न सुटणारं

आता पहिल्या परिच्छेदातल्या बंदीकडं येऊ. आतापर्यंत सांगितलेलं सगळं सुटणाऱ्या बंधनाबद्दल होतं. नायट्रोफ्युरानची गोष्ट निराळी आहे. फ्युराझोलिडोन हे त्यातलं एक औषध. मासा किंवा कोळंबीनं ते खाल्लं की मूळ औषध काही तासांत दिसेनासं होतं. रक्त तपासलं तर जवळपास काही नाही. शेतकरी म्हणेल, निघून गेलं.

ते निघून गेलेलं नसतं. मोडताना त्याचे जे तुकडे होतात, ते ऊतींतल्या प्रथिनांशी पक्का रासायनिक जोड करतात. यात चढणं-उतरणं नाही. ते प्रथिन शरीरात आहे तोवर तुकडाही आहे, कित्येक आठवडे. म्हणून प्रयोगशाळेत मूळ औषध शोधण्यात वेळ घालवत नाहीत. मांसाला आम्ल लावून तो तुकडा प्रथिनापासून सोडवतात आणि त्यालाच मोजतात. नायट्रोफ्युरान सहसा कर्करोगाच्या भीतीनं बंद झाली असं आपण वाचतो, ते बरोबरच आहे. पण 'बंदीच का, थांबायचे दिवस का नाही ठरवले' या प्रश्नाचं निम्मं उत्तर या न सुटणाऱ्या जोडात आहे.

मग थांबायचं किती दिवस?

द्राक्षं करणाऱ्या शेतकऱ्याला पीएचआय समजावून सांगावा लागत नाही. फवारणी आणि काढणी यांत किती दिवस हवेत हे त्याला तोंडपाठ असतं, कारण अंश सापडला तर कंटेनर परत येतो. माशातही असाच थांबण्याचा काळ असतो, पण तो नुसत्या दिवसांत मोजणं पुरत नाही. पाणी गार असेल तर माशाचं यकृत, मूत्रपिंड आणि कल्ले सगळेच संथ चालतात आणि औषध जास्त दिवस अंगात राहतं.

म्हणून युरोपात अंश-दिवस हे माप वापरतात: पाण्याचं सरासरी तापमान गुणिले दिवस. माशांसाठी मुद्दाम मंजूर नसलेलं औषध वापरावं लागलं तर तिथं 2022 पूर्वी किमान 500 अंश-दिवस थांबायचा दंडक होता. आपल्या तळ्याला तो लावून पाहा. जानेवारीत पाणी सरासरी 20 अंश असेल तर 25 दिवस. मे महिन्यात 30 अंश असेल तर 17 दिवस. तळं तेच, मासा तोच, औषध तेच, आणि फरक आठ दिवसांचा. हा हिशेब ढोबळ आहे आणि लेबलवर लिहिलेल्या काळाची जागा घेत नाही, पण 'कोंबडीला इतके दिवस' या उत्तरात तापमान कुठंच येत नाही हे त्यातून दिसतं.

जातींमधला फरकही कागदावर आहे. अमेरिकेत खाद्यातून द्यायच्या ऑक्सिटेट्रासायक्लिनच्या एकाच उत्पादनाच्या लेबलवर कॅटफिशसाठी 21 दिवस आणि शेवंडीसाठी 30 दिवस थांबायला सांगितलेलं आहे. पाणी साधारण 17 अंशांच्या खाली असेल तर कॅटफिशला ते देऊच नका, अशीही सूचना होती. नऊ दिवसांचा हा फरक एकट्या रक्तप्रथिनांमुळं आहे असं मी म्हणणार नाही. गार समुद्र, कवच, उघडी रक्तव्यवस्था, सगळंच त्यात आहे.

'शिजवल्यावर जातंच की'

ऑक्सिटेट्रासायक्लिन उष्णतेनं काही अंशी मोडतं, किती ते आच, वेळ आणि तुकड्याच्या जाडीवर अवलंबून. पाच मिनिटं तव्यावर परतलेल्या तुकड्यावर भरवसा ठेवण्याइतकं नक्कीच नाही. क्लोरॅम्फेनिकॉल उष्णता बरीच सोसतं. नायट्रोफ्युरानचे प्रथिनाला जोडलेले तुकडे तर उकळून, तळूनही टिकतात. काळ्या मसाल्याच्या कालवणानं वास जातो, अंश जात नाही.

'सरळ लॅबमध्ये नमुना पाठवून मोकळं होऊ'

पाठवावाच. पण काय पाठवता त्यावर उत्तर ठरतं. माशाचा नमुना कातडीसह हवा, हे वर आलंच. कोळंबीत आणखी एक मेख आहे. नायट्रोफ्युराझोन वापरल्याची खूण म्हणून सेमिकार्बाझाइड नावाचा तुकडा शोधतात. पण हा पदार्थ गोड्या पाण्यातल्या मोठ्या झिंग्याच्या कवचात, औषधाचा कणही न दिलेल्या आणि नदीत पकडलेल्या झिंग्यातसुद्धा, निसर्गतःच सापडलेला आहे. कवचासकट वाटलेल्या नमुन्यात तो निघाला म्हणून शेतकऱ्यावर बंदी मोडल्याचा ठपका ठेवणं अन्यायाचं होईल. नमुना पाठवताना झिंगा सोलून, कवचालगतचा थरही काढून, आतलं मांस द्यावं, आणि पाकिटावर तसं लिहावं. सोबत औषध दिल्याची शेवटची तारीख आणि तेव्हाचं पाण्याचं तापमान.